स्लॉट चार, लेन किती?

मदरबोर्डच्या खोक्यावर एम.२ स्लॉट, म्हणजे एसएसडी खोचायच्या खाचा, किती हे ठळक अक्षरांत छापलेलं असतं. ते स्लॉट कुणाच्या वाट्यातून चालतात, हे मॅन्युअलच्या कुठल्यातरी पानावर बारीक टीपेत असतं. मी बोर्ड निवडते तो त्या टीपेवरून. सदाशिव पेठेत ज्यांच्याकडून मी सामान घेते ते काका म्हणतात, "मॅडम, तुम्ही मॅन्युअल वाचून या, मी तोवर दोन गिऱ्हाइकं करतो." टोमणा असावा. पण कोटेशन ते माझ्या यादीवरूनच बनवतात.

मी एडिटर आहे. लग्नाच्या सीझनमध्ये लग्नं, भाद्रपदात मंडळांचे व्हिडिओ. लक्ष्मी रोडवरची विसर्जन मिरवणूक चार कॅमेऱ्यांनी शूट झाली की ते सगळं फुटेज कर्वेनगरला माझ्या वरच्या खोलीत येऊन पडतं, आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांना रील त्याच रात्री हवं असतं. त्यामुळे माझ्या मशीनमध्ये ग्राफिक्स कार्डाशिवाय तीन एसएसडी लागतात: एक विंडोज आणि प्रोजेक्टसाठी, एक कॅशसाठी (एडिटिंगच्या तात्पुरत्या फायली), एक फुटेजसाठी. शिवाय कलर करायच्या मॉनिटरला सिग्नल देणारं डेकलिंकचं छोटं कार्ड. पाच गोष्टी, आणि प्रत्येकीला पीसीआयई लेन, म्हणजे बोर्डावरून डेटा नेणाऱ्या वाटा, हव्यात.

लेनचा हिशेब प्रोसेसरपासून सुरू होतो. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर रायझन ७००० किंवा ९००० घेतला तर प्रोसेसरमधून २८ लेन निघतात. चार चिपसेटशी, म्हणजे बोर्डावरच्या बाकीच्या जोडण्या सांभाळणाऱ्या चिपशी, बोलण्यात जातात, उरतात २४. त्यातल्या १६ ग्राफिक्स कार्डाच्या आणि बाकी आठ म्हणजे चार-चारचे दोन गट, साधारणपणे दोन एसएसडींसाठी. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीत प्रोसेसरकडे १६ लेन जेन ५ च्या आणि चार जेन ४ च्या, बस. (जेन म्हणजे पीसीआयईची पिढी; आकडा मोठा तशी लेन वेगवान.) म्हणजे त्या पिढीच्या बोर्डावर 'जेन ५ एम.२' असं लिहिलेलं दिसलं की समजायचं, त्या चार लेन ग्राफिक्स कार्डाच्या ताटातून काढलेल्या आहेत. त्या स्लॉटमध्ये एसएसडी बसवली की कार्ड एक्स१६ वरून एक्स८ वर, म्हणजे सोळा लेनवरून आठवर, येतं. कोअर अल्ट्रा २०० मालिकेत इंटेलने एसएसडीसाठी चार वेगळ्या जेन ५ लेन दिल्या, तेव्हा ही ओढाताण कमी झाली.

बाकीचे स्लॉट चिपसेटवर. एएम५ मध्ये चिपसेट आणि प्रोसेसर यांच्यात जेन ४ च्या चारच लेन आहेत, सेकंदाला जेमतेम ८ जीबी. चिपसेटवरच्या दोन एसएसडी, लॅन, साटा (डिस्क जोडायची जुनी पद्धत), बहुतेक यूएसबी, सगळ्यांनी त्यातूनच जायचं. कार्यालयात पंगतीला पाने कितीही मांडली तरी वाढपी एकाच दारातून येणार, तसं हे. मात्र सगळे एकदम धावत असतील तरच गर्दी होते, आणि माझ्याकडे तसं क्वचितच होतं. म्हणून फुटेजची एसएसडी मी बिनदिक्कत चिपसेटवर टाकते. प्रोजेक्ट आणि कॅश थेट प्रोसेसरवर.

आता वेगाचे आकडे. जेन ३ ची एक लेन सेकंदाला साधारण १ जीबी नेते, जेन ४ ची २, जेन ५ ची ४. चार लेनच्या जेन ५ एसएसडीच्या खोक्यावर म्हणूनच १४,००० एमबीच्या पुढचे आकडे दिसतात. वाचून हात शिवशिवतात, खरंय. पण माझं काम बघू. प्रोरेस ४२२ एचक्यू हा एडिटिंगचा फॉरमॅट, यूएचडी म्हणजे ४के, २५ फ्रेम, असा एक स्ट्रीम ७३७ मेगाबिट म्हणजे सेकंदाला सुमारे ९२ एमबी मागतो. चार कॅमेरे एकदम टाइमलाइनवर चालवले तरी ३७० एमबी. हे जुन्या साटा एसएसडीतही बसतं! कॉपी करताना म्हणाल, तर कॅमेऱ्यातल्या एसडी कार्डाचा यूएचएस-२ बस, म्हणजे त्याची डेटाची वाटच, ३१२ एमबीला संपते. पुढे कितीही महागाची एसएसडी लावा, कार्ड आपल्या गतीनेच रिकामं होणार. माझ्या कामात एसएसडीचा सर्वोच्च वेग महत्त्वाचा नाही. शंभर-दोनशे जीबी सलग लिहिताना ती किती मंदावते, हे महत्त्वाचं. स्वस्तातल्या बऱ्याच ड्राइव्ह स्वतःच्या आतली वेगवान कॅश भरली की एकदम बसतात, आणि तो आकडा खोक्यावर नसतो.

जेन ५ ड्राइव्ह तापतातही फार. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, माझी खोली गच्चीखाली, एसी फक्त क्लायंट बसलेले असताना. त्यात बहुतेक बोर्डांवर सगळ्यात वेगवान एम.२ स्लॉट असतो तो प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाच्या मधोमध. वरून एकाची, खालून दुसऱ्याची गरम हवा. काही बोर्डांवर दुसरा स्लॉट तर थेट कार्डाच्या पोटाखाली असतो. तिथली ड्राइव्ह बदलायची म्हणजे आधी तीन स्लॉट जाडीचं ते धूड बाहेर काढा, आणि त्याची खिट्टी बोटाला सापडत नाही. आता बऱ्याच बोर्डांवर कार्ड सोडवायला बाजूला बटण येतं. बाकी बोर्डावरच्या दिव्यांवर मी एक रुपया खर्च करणार नाही, पण त्या बटणाला माझी हरकत नाही.

ग्राफिक्स कार्डाचं काय? एक ४के फ्रेम, १६ बिटचे चार चॅनल धरून, साधारण ६६ एमबी होते. सेकंदाला २५ म्हणजे दीड जीबीच्या थोडं वर. जेन ४ एक्स८ वर सेकंदाला १५ जीबीहून जास्त जागा असते. म्हणजे कार्ड एक्स८ वर आलं म्हणून माझं एक्स्पोर्ट रखडणार नाही, गेम खेळणाऱ्यांनाही फारसा फरक जाणवत नाही. फटका बसतो तो कार्डाची स्वतःची मेमरी भरून डेटा रॅमकडे ये-जा करायला लागला की. २०२२ सालचं आरएक्स ६५०० एक्सटी हे ग्राफिक्स कार्ड आठवा: मेमरी ४ जीबी आणि लेन चारच. जेन ४ बोर्डावर ते कसंबसं निभवायचं, जुन्या जेन ३ बोर्डावर त्याच कार्डाची दमछाक व्हायची. त्यामुळे पैसे द्यायचेच असतील तर कार्डाच्या मेमरीसाठी द्यावेत, बोर्डाच्या जेन ५ स्लॉटसाठी नंतर.

हे सगळं लिहायला बसले ते भाच्यामुळे. तो वाकडला राहतो, पहिल्या पगारातून मशीन बांधतोय. "मावशी, एक्स८७० घेतोय, फ्युचर प्रूफ," असा मेसेज आणि सोबत यादी. (एक्स८७० हे एएम५ बोर्डावरच्या चिपसेटचं नाव, लेनचा आकडा नव्हे.) यादीत प्रोसेसर रायझन ८७००जी. आत्ता आतल्या ग्राफिक्सवर भागवायचं, दिवाळीत आरटीएक्स ५०६० टीआय घ्यायचं, असा बेत. बेत वाईट नाही. पण ८७००जी ग्राफिक्स कार्डाला आठच लेन देतो, त्याही जेन ४ च्या. बोर्डावर जेन ५ एक्स१६ लिहिलेलं असो की आणखी काही, प्रोसेसरच देत नाही तर बोर्ड कुठून आणणार? ५०६० टीआय तसंही आठ लेनचंच कार्ड आहे, त्यामुळे त्याचं अडणार काहीच नाही. अडेल ते एवढंच की जेन ५ साठी मोजलेले पैसे नुसते पडून राहतील.

आणि एक्स८७० ची स्वतःची एक गंमत आहे. या चिपसेटच्या बोर्डावर यूएसबी४, म्हणजे यूएसबीचा वेगवान प्रकार, सक्तीचं केलंय. त्याचा कंट्रोलर चार लेन मागतो, आणि बऱ्याच बोर्डांवर त्या प्रोसेसरच्या चार-चारच्या दोन गटांतल्या दुसऱ्यातून दिल्या जातात. मग दुसरा एम.२ स्लॉट एकतर चिपसेटवर जातो, किंवा यूएसबी४ शी वाटणी करतो, किंवा ग्राफिक्सच्या लेन कापतो. कुठला बोर्ड काय करतो हे त्याच्या मॅन्युअलमध्येच कळतं. ज्यांच्याकडे यूएसबी४ च्या बाहेरच्या ड्राइव्ह आहेत त्यांनी खुशाल घ्यावा. भाच्याकडे एक पेन ड्राइव्ह आहे. त्याला मी साधा बी६५० चिपसेटचा बोर्ड सांगितला आणि उरलेल्या पैशांत १६ ऐवजी ३२ जीबी रॅम. तो थोडा हिरमुसला. खोकं कमी चकचकीत आहे म्हणाला.

माझ्यासाठी बी६५०ई ठरला. ई असलेल्यात ग्राफिक्सलाही जेन ५ मिळतं, पण मी घेतला तो त्यासाठी नाही. या बोर्डावर दोन एम.२ थेट प्रोसेसरवर आहेत आणि ते भरले तरी कार्डाच्या १६ लेनना धक्का लागत नाही. खालचा लांब स्लॉट दिसायला एक्स१६ असला तरी आत पिना चारच लेनच्या आहेत, चिपसेटवरून. डेकलिंकला जेन २ च्या चार लेन पुरतात, म्हणजे तेही बसलं. तिसरा एम.२ भरला की दोन साटा पोर्ट बंद होतात, ही टीप वाचून जुनी हार्ड डिस्क कुठल्या पोर्टला लावायची ते आधीच ठरवलं.

बोर्ड बसवून झाला की दुकानातच जीपीयू-झेड हे ग्राफिक्स कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून बघावं. बस इंटरफेसच्या रकान्यात कार्ड किती लेनवर चालतंय ते दिसतं. काम नसताना कार्ड वीज वाचवायला जेन १ वर उतरतं, ते बघून घाबरायचं नाही. शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून त्यातली छोटी टेस्ट चालवायची, मग खरा आकडा येतो. एक्स१६ च्या जागी एक्स८ दिसलं तर एखाद्या एम.२ ने लेन घेतल्या असतील किंवा कार्ड नीट बसलं नसेल. काका टेबलावर असतानाच हे तपासायचं. कॅबिनेट बंद करून कर्वेनगरला आणलं आणि मग फोन केला, की पलीकडून एकच उत्तर येतं: "चालू तर होतंय ना?"