मंडईचं नाव

"आई, ही मंडई फुल्यांनी बांधली का गं?" कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकताना लेकीनं विचारलं. भाजीवाल्या मावशी हसल्या, "नाव तर त्यांचंच की!"

मी गप्प. कारण खरं तर उलटंच आहे.

१८७६ पासून काही वर्षं जोतीराव पुणे नगरपालिकेचे सदस्य होते आणि या मंडईवरच्या खर्चाला त्यांचा विरोध होता. पैसा शिक्षणावर घाला, हे त्यांचं म्हणणं. इमारत झालीच. १८८६ मध्ये गव्हर्नर रे यांच्या नावानं उघडली. फुल्यांचं नाव पुढे आणलं ते नगरसेवक असलेल्या आचार्य अत्र्यांनी, बऱ्याच वर्षांनी.

सभागृहात हरलेल्या माणसाच्या नावाखाली आपण रोज टोमॅटोचा भाव करतो!

घरी येताना लेकीला सगळं सांगितलं. रिक्षात ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "पण मग त्यांना हे नाव चाललं असतं का?"