स्टीलची वाटी

एप्रिलच्या मध्यात आमच्या कोल्हापूरच्या दवाखान्यात बहुतेक गोचीडतापाची कुत्री येतात. त्या शनिवारीही बाकावर तीन कुत्री होती. दहाच्या सुमारास मंगळवार पेठेतून एक आजी नातवाला घेऊन आल्या. नातवाच्या हातात प्लॅस्टिकची बादली होती, बादलीत ओले गोणपाट आणि गोणपाटावर एक स्टार कासव मान आत ओढून बसलेले होते. "आठ दिस झालं डॉक्टर, तोंडाला काय लावंना," आजी म्हणाल्या. "सोन्या म्हणतो आम्ही याला."

घरी असलेले स्टार कासव पाहिले की कोणत्याही पशुवैद्याच्या मनात आधी कायदा येतो. त्याविषयी पुढे सांगतो, कारण त्या क्षणी टेबलावर होता तो एक आजारी जीव, आणि तपासणी थांबवून कायद्याचे बोलणे मला योग्य वाटले नाही.

कासवाचे वजन १ किलो १४० ग्रॅम भरले. डोळे खोल गेलेले होते, मानेची कातडी सैल झाली होती आणि बळेच उघडलेल्या तोंडातली लाळ तार धरत होती. मी त्याला उचलून उलटसुलट तपासले, तरी त्याने एक थेंबही लघवी केली नाही. हे माझ्या दृष्टीने सर्वांत वाईट लक्षण होते. भ्यालेले कासव हातात घेतले की ते सहसा मूत्राशय मोकळे करते, आणि त्याचे मूत्राशय ही नुसती लघवीची पिशवी नसते. कोरड्या दिवसांत शरीर तिथले पाणी परत वापरते. या कासवाचा हा साठा संपलेला होता. चोचही वाढून खाली वळली होती. पाठीवरच्या ढाली मोदकासारख्या वर आल्या होत्या. स्टार कासवात थोडा उंचवटा जन्मजात असतो, म्हणून एवढ्यावरून मी निष्कर्ष काढत नाही, पण कडेच्या नव्या वाढीचे कवच बोटाने किंचित दबत होते आणि ते मात्र जन्मजात नसते. शिवाय पोटाकडचे कवच सपाट आणि शेपूट आखूड होते. सोन्या ही मादी होती. हे ऐकून नातू खुदकन हसला. आजींना ते फारसे पटलेले दिसले नाही.

खाण्याविषयी विचारल्यावर दुधात कुस्करलेली पोळी, टोमॅटो, काकडी, कधी केळे आणि अधूनमधून शेजारच्या कुत्र्याच्या पॅकेटमधले चार दाणे अशी यादी पुढे आली. पाण्याविषयी विचारले, तेव्हा आजींचा आवाज चढला. "पानी रोज भरतो की वो. सकाळी भरलेली वाटी सांजच्याला मोकळी हुती. पानी भरपूर पितंय ते."

लक्षणे तहानेची आणि सांगणे भरपूर पाण्याचे, हा मेळ बसेना. मूत्रपिंडाचा आजार असेल असे मी आधी धरून चाललो आणि रक्ततपासणीचा कागद लिहायलाही घेतला. त्याच वेळी सहज, खरे तर वेळ काढण्यासाठी, मी नातवाला म्हणालो, "बाळ, ती वाटी घेऊन येतोस का?" घर जवळच होते. पंधरा मिनिटांत तो वाटी घेऊन परतला. आमटीसाठी असते तशी ती उभ्या काठाची, जड बुडाची स्टीलची वाटी होती. मी ती पाण्याने भरून कासवासमोर ठेवली आणि त्याची मान बाहेर येण्याची वाट पाहिली. मान आली, पुढे झाली आणि काठाला हनुवटी टेकून थांबली. काठाच्या वरून मान नेऊन खाली वाकवणे त्या शरीराला शक्यच नव्हते. कासव घोटभर पाणी वरून उचलत नाही. ते नाकपुड्यांसकट तोंड पाण्यात बुडवते आणि गळा हलवून पाणी आत ओढते. त्या वाटीतून ते एकदाही पाणी प्यायलेले नसणार.

मग पाणी जात कुठे होते, याचे उत्तर नातवानेच दिले. वाटी परसात ऊन येते त्या कोपऱ्यात असे आणि चिमण्या, कावळे दिवसभर तिच्यावर येत. उरलेले पाणी उन्हाने आटत असे.

तरीही माझी एक शंका उरत होती. कासव या घरात आठ वर्षे होते आणि वाटी पहिल्या दिवसापासून तीच होती. तसे असेल तर ते जगले कसे? हा प्रश्न मी पुन्हा पुन्हा फिरवून विचारला, तेव्हा आजींनी परसाची हकीकत सांगितली. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मागे माती होती, हरळी होती, कडेला जास्वंद होती आणि पावसाळाभर पन्हाळीखाली डबके साचायचे. मुलाने घर दुरुस्त केले तेव्हा परसात फरशी बसली, जास्वंद निघाली आणि बहुतेक भागावर पत्रा आला. आजींच्या ते लक्षात होते, कारण त्यांची तुळसही तेव्हाच दारासमोर हलवावी लागली होती. कासवाचे काही हलले आहे असे मात्र कुणाच्याच मनात आले नव्हते. सहा वर्षे त्या कासवाला घराने नव्हे, परसाने पोसले होते. हरळी खाऊन त्याची चोच झिजत होती, उन्हाने कवच घट्ट राहत होते आणि कोल्हापूरचा पाऊस चार महिने त्याला पोटभर पाणी पाजत होता. दूधपोळी हा वरचा लाड होता. फरशी बसल्यावर तोच लाड त्याचे एकमेव अन्न झाला.

मी रक्ततपासणीचा कागद बाजूला ठेवला. परदेशी पुस्तकांत अशा रुग्णाला आधी ऊब द्यायला सांगतात. एप्रिलमधल्या कोल्हापुरात त्याची गरज नसते, तापलेल्या पत्र्याखालून काढले तरी पुष्कळ होते. मागच्या पायाजवळच्या कातडीखाली १७ मिलिलिटर कोमट सलाईन दिले आणि कंपाउंडरला परात आणायला सांगितली. परातीत हाताला जेमतेम कोमट लागेल असे पाणी, वरच्या आणि खालच्या कवचाच्या सांध्यापर्यंत येईल इतकेच घेतले, म्हणजे मान सहज वर राहते. पहिली पाच-सहा मिनिटे काहीच घडले नाही. मग डोळे उघडले, मान हळूहळू लांब झाली आणि डोके कपाळापर्यंत पाण्यात गेले. गळ्याची सुरकुतलेली कातडी आत-बाहेर होऊ लागली, भाता चालावा तशी, एका लयीत. आम्ही चौघे परातीभोवती वाकून उभे होतो आणि बाकावरचे एक कुत्रे सारखे भुंकत होते, पण त्या कासवाने डोके वर काढले नाही. वर काढले ते श्वासापुरते, आणि पुन्हा बुडवले.

"म्हंजी हे तान्हेलं हुतं?" आजी एवढेच म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

अर्ध्या तासाच्या आत परातीतले पाणी गढूळ झाले. लघवीबरोबर ओल्या चुन्यासारखा पांढरा गाळ बाहेर पडला होता. बोटांत चोळला तर तो कचकच लागत होता. ते युरिक आम्लाचे क्षार होते. पाणी वाचवण्यासाठी कासवाचे शरीर नको असलेला नायट्रोजन या रूपात बाहेर टाकते. पाणी पुरेसे असेल तर हा गाळ दह्यासारखा मऊ असतो, पाणी कमी पडले की तो रवाळ होतो आणि पुढे त्याचे खडे बनतात. आहारात प्रथिने जितकी अधिक, तितका हा गाळ अधिक. कुत्र्याच्या पॅकेटमधल्या त्या चार दाण्यांचा हिशोब इथे लागतो. दुसऱ्या दिवशीच्या एक्स-रेत मूत्राशयाच्या जागी वाटाण्याएवढी एक सावली दिसली. अंडी नव्हती. खडा लहान असल्याने शस्त्रक्रियेची घाई न करता पाण्यावर भर द्यायचे मी ठरवले.

एक गोष्ट इथे नोंदवतो. औषधाच्या एका दुकानात या कासवासाठी "जंताचं इंजेक्शन मारून घ्या" असा सल्ला आजींना मिळाला होता आणि सुदैवाने त्यांनी तो मानला नव्हता. म्हशींना आणि कुत्र्यांना आम्ही सर्रास देतो ते आयव्हरमेक्टिन कासवाला दिले तर त्याचे पाय लुळे पडतात आणि ते मरूही शकते. टॉनिक म्हणून टोचलेल्या अ जीवनसत्त्वाचा डोस जास्त झाला तर कासवाची कातडी सोलून निघते. न खाणाऱ्या कासवाला काहीतरी टोचण्याची घाई झालेली मी अनेकदा पाहिली आहे, आणि नोकरीच्या पहिल्या वर्षांत माझाही हात इंजेक्शनच्या कपाटाकडे गेलेला आहे. आम्हाला शिकताना गाय, म्हैस, घोडा शिकवले गेले. कासव मी दवाखान्यात बसून शिकलो.

दुपारी आजींचा मुलगा आला, तेव्हा मी कायद्याचे बोललो. भारतीय स्टार कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे आणि २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही कडक बंदी आहे. ते विकणे, विकत घेणे आणि घरात ठेवणे हा गुन्हा आहे. "पण डॉक्टरसाहेब, कासव घरात असलं की लक्ष्मी राहते म्हणून दिलं होतं हो एकानं," तो म्हणाला. देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते, ते तिथेच शोभते, असे मी त्याला सांगितले. बरेच बोलणे झाले. शेवटी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर त्यानेच फोन लावला. संध्याकाळी वनरक्षक आले, त्यांनी नोंद केली आणि हलवण्याजोगे होईपर्यंत कासव माझ्याकडे ठेवायला सांगितले.

पुढचे दोन दिवस सकाळी परात आणि मग चारा, असा क्रम ठेवला. पाणी भरपूर मिळाल्याशिवाय मी अन्न पुढे केले नाही, कारण कोरड्या आतड्यात गेलेला चारा तसाच पडून राहतो. कासवाचे पचन बरेचसे म्हशीसारखे, आंबवून होणारे असते, फक्त ते पोटात न होता मोठ्या आतड्यात होते. त्याला दोरे-दोरे असलेला पाला लागतो. दूध त्याला पचत नाही. केळ्यासारख्या गोड फळाने ही आंबवण्याची क्रिया बिघडते. टोमॅटो आणि काकडी म्हणजे जवळजवळ पाणीच, पण त्या पाण्याने पिण्याची गरज भागत नाही आणि त्यांत कॅल्शियम तर नावापुरतेच असते. आजी दुसऱ्या दिवशी उत्साहाने पालकाची जुडी घेऊन आल्या, ती मला परत करावी लागली. पालक आणि चुका यांतली आम्ले कॅल्शियमला धरून ठेवतात, आणि या कासवाचे कवच तर कॅल्शियमसाठीच अडले होते. मी हरळी, जास्वंदीची पाने-फुले आणि तुतीची पाने आणायला सांगितली. शेवग्याचा पाला चालतो, पण चिमूटभर. काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेन, म्हणजे माकूळ या समुद्री जिवाचे कॅल्शियमयुक्त हाड, आणून त्याचा चुरा पाल्यावर भुरभुरवला. पक्षी पाळणारे ते पिंजऱ्यात टांगतात, ते इथेही उपयोगी पडते. त्याबरोबर सकाळचे तासभर ऊन, तेही काचेआडचे नको, कारण कॅल्शियम अंगी लागण्यासाठी उन्हातले जे किरण लागतात ते काच अडवते. चोच मी थोडी घासून दिली. उरलेले काम हरळी करते.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने जास्वंदीचे एक लाल फूल दोन्ही बाजूंनी फाडून खाल्ले. चोच लाल झालेली पाहून नातू घाबरला, त्याला ते रक्त वाटले. वजन १ किलो २०५ ग्रॅम भरले. त्यातला बहुतेक भाग नुसत्या पाण्याचा होता.

दुपारी वनरक्षक तिला घ्यायला आले, तेव्हा आजी आधीच येऊन बसल्या होत्या. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून त्यांनी मातीचे एक पसरट परळ आणले होते, काठ जेमतेम दोन बोटांचा. "तिकडं काय वाटीबिटी ठेवतील," त्या वनरक्षकांना म्हणाल्या, "हे न्या. आणि जमिनीत जरा रुतवून ठेवा, म्हंजी हिला आत जाता येतंय." नुसते प्राणीच ताब्यात घ्यायचे असतात, असे वनरक्षकांनी समजावून पाहिले. आजींनी परळ पुढे धरलेलेच होते. मग वनरक्षकांनी कागद मांडीवर घेतला आणि कासवाच्या नोंदीखाली एक ओळ वाढवली : मातीचे परळ, एक नग.