साबणाच्या थरांसाठी रंग निवडताना

गेल्या दिवाळीत अभ्यंगस्नानासाठी तीन रंगांच्या थरांचा साबण घरी करायचे मी ठरवले आणि गुलाबी थरासाठी बीटाचा रस घातला. कॉस्टिक सोड्याचे पाणी तेलात मिसळताच तो रंग काही मिनिटांत मळकट तपकिरी झाला. जास्वंदीचीही तीच गत झाली. ताजे मिश्रण तीव्र अल्कधर्मी असते आणि मुरलेल्या वडीचा सामूही (pH) साधारण ९ ते १० असतो. त्यामुळे रंग बरणीत कसा दिसतो यापेक्षा अल्कलीत तो कसा वागतो, हेच पाहावे लागते.

हळदीचे वागणे आपल्याला परके नाही. हळदीत चुना कालवला की ती कुंकवासारखी लाल होते. तसाच लालसर रंग साबणाच्या मिश्रणातही उमटतो, पण वडी मुरू लागली की तो मोहरीसारख्या पिवळ्यावर येतो आणि उजेडात आणखी फिका पडतो. रतनजोत मला त्याहून प्रिय आहे. तिची मुळे खोबरेल तेलात काही आठवडे भिजवली की तेल गडद लाल होते आणि साबणात त्याचा जांभळा होतो.

थर शेजारी-शेजारी असले की रंग पसरण्याचाही प्रश्न येतो. पाण्यात विरघळणारे खाद्यरंग पांढऱ्या थरात उतरतात, तर गेरू, कोळशाची पूड आणि अल्ट्रामरीन ही निळी पूड विरघळत नसल्याने जागच्या जागी राहतात. कोळसा मात्र बेताने घालावा, नाहीतर फेस करडा होतो. बाजारात ‘नीळ’ म्हणून वनस्पतीपासून केलेली पूड मिळते आणि कपड्यांची नीळही मिळते. दुसरी साबणात घालू नये. रांगोळीचे रंग आणि भिंतीला लावायचा गेरू यांची शुद्धता त्वचेसाठी तपासलेली नसते, म्हणून तेही मी कटाक्षाने टाळते आणि सौंदर्यप्रसाधनांसाठी विकला जाणारा गेरूच घेते.

कोल्हापूरकर म्हणून गूळ घालण्याचा मोह मला आवरत नाही. गुळामुळे फेस वाढतो, परंतु मिश्रण तापते आणि थर तपकिरी होतो; म्हणून आता गूळ मी फक्त तपकिरी ठेवायच्या थरातच घालते, आणि नवा कोणताही रंग आधी १०० ग्रॅम तेलाच्या छोट्या घाण्यात पाहते, ज्याची एक वडी खिडकीत आणि दुसरी कपाटात सहा आठवडे राहते.