मांजरा : एका संस्थानाची नदी, तीन राज्यांची वाटणी

लातूर आणि बीड जिल्ह्यांत मांजरा म्हटले की लोकांच्या बोलण्यात धनेगावचे धरण येते. ते भरले की नाही, एवढ्यावरच आपले नदीशी असलेले नाते बेतलेले असते. धरणाखाली ही नदी कोठे जाते, याची चौकशी आपण फारशी करत नाही, आणि मला हे मनापासून खटकते.

बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या माथ्यावर मांजरा उगम पावते. एकूण लांबी सुमारे 724 किलोमीटर. धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांतील काळ्या मातीतून तेरणा, तावरजा, घरणी यांचे पाणी घेत ती आग्नेयेकडे कर्नाटकातील बिदर जिल्ह्यात आणि तेथून तेलंगणात जाते. संगारेड्डीच्या परिसरात मात्र ती दिशा बदलून उत्तरेकडे वळते, आणि ज्या महाराष्ट्रातून निघाली त्याच्याच सीमेवर, नांदेड जिल्ह्यातील देगलूर आणि बिलोली तालुक्यांच्या कडेने, परत येते. पुढे कंदकुर्ती येथे ती गोदावरीला मिळते.

या नदीला आज आंतरराज्य नदी म्हणतात, पण ही ओळख 1 नोव्हेंबर 1956 ची आहे. त्याआधी उगमापासून संगमापर्यंत मांजरेचा प्रवाह हैदराबाद राज्यातच होता. भाषावार प्रांतरचनेत जुना बिदर जिल्हा तीन ठिकाणी वाटला गेला : अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तालुके मुंबई राज्यात आले, बिदर म्हैसूर राज्यात गेले, तर नारायणखेड आणि जहिराबाद आंध्र प्रदेशात. देगलूर तालुक्यातील बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळेही तेव्हाच आंध्रात गेली. सोयरिकी आणि बाजार मात्र सीमेच्या दोन्ही अंगांना तसेच चालू राहिले.

नदी एकाच राज्यात होती म्हणून तिचे पाणी न्यायाने वाटले जात होते, असे मात्र नाही. निजामाच्या राजवटीत, 1923 ते 1931 या काळात, अभियंता नवाब अली नवाझ जंग यांच्या देखरेखीखाली मांजरेवर, आजच्या तेलंगणात, निजामसागर हे धरण बांधले गेले. त्या काळाच्या मानाने ते काम थोर होते, यात शंका नाही. पण त्याचे कालवे निजामाबादच्या भात आणि उसाला पाणी देत होते, आणि जेथे पाऊस पडून नदी जन्म घेते तो बालाघाटाचा मुलूख कोरडवाहूच राहिला. सुरुवातीला सुमारे 30 टीएमसी (अब्ज घनफूट) असलेली निजामसागरची क्षमता गाळामुळे पुढे 18 टीएमसीच्या आसपास आली. त्या गाळात वरच्या अंगाच्या शेतांतून धुपून गेलेली, म्हणजे मराठवाड्याचीही माती आहे. धरणाचे दुखणे आणि आपल्या बांधबंदिस्तीचे दुखणे एकच आहे, हे तेथे दिसते.

पुढे वरच्या अंगाला, तेलंगणातच, सिंगूर धरण झाले आणि त्याचे पाणी हैदराबाद शहराला पिण्यासाठी जाऊ लागले. महाराष्ट्रात धनेगाव, त्याखाली नागझरी आणि साई यांसारखे बंधारे. गोदावरी जलविवाद लवादाने 1980 मध्ये अंतिम निवाडा दिल्याने राज्यांचे वाटे ठरले, पण पाऊसच पडला नाही तर निवाड्याचा उपयोग काय? एप्रिल 2016 मध्ये धनेगाव कोरडे पडलेले असताना मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला 10 वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे 5 लाख लिटर पाणी होते. त्याच नदीकाठच्या शहराला कृष्णेच्या खोऱ्यातले पाणी प्यावे लागले, ही गोष्ट मला अजून पचलेली नाही.

सीमेवरच्या बिलोलीकडे प्रश्न उलटा आहे. तेथील गावांना पावसाळ्यात निजामसागरातून किती पाणी सुटणार, याची खबर हवी असते, आणि ती दुसऱ्या राज्यातून यावी लागते. माझे मत असे की पाटोद्यापासून कंदकुर्तीपर्यंतचा पाऊस, धरणांतील साठे आणि विसर्ग हे सारे आकडे रोज एका ठिकाणी, मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषांत मिळाले पाहिजेत. पाण्याचे वाटे बदलायला लवाद लागेल, परंतु आकडे सर्वांसमोर ठेवण्यास तो लागत नाही.