तुम्ही विचारलंत म्हणून: नसबंदीची नस परत जोडली, तर मूल होईल का?

मूत्ररोगांच्या शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर म्हणून मला हा प्रश्न सतत विचारला जातो. विचारणाऱ्यांत पुनर्विवाह केलेले असतात, अपत्य गमावलेले असतात आणि काही वर्षांनी आणखी एक मूल हवेसे वाटू लागलेलेही असतात. सगळ्यांना हो किंवा नाही एवढेच उत्तर हवे असते. परंतु या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. वीर्यात शुक्राणू पुन्हा येतील का, हा पहिला. आणि ते आल्यावर गर्भ राहील का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बरेचसे शस्त्रक्रियेच्या टेबलावर ठरते. दुसऱ्याच्या उत्तरात मात्र त्या टेबलावर नसलेल्या व्यक्तीचा, म्हणजे पत्नीचा, वाटा मोठा असतो.

हे दोन आकडे एकमेकांपासून किती दूर असतात, ते अमेरिकेतील सुमारे दीड हजार पुरुषांच्या, १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्पष्ट दिसते. नसबंदीला ३ वर्षे पूर्ण होण्याआधी नस जोडून घेतलेल्यांपैकी ९७ टक्के पुरुषांच्या वीर्यात शुक्राणू परतले आणि ७६ टक्के जोडप्यांत गर्भधारणा झाली. ३ ते ८ वर्षांच्या अंतराला हेच आकडे ८८ आणि ५३ झाले, ९ ते १४ वर्षांना ७९ आणि ४४, तर १५ वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लोटलेल्यांत ७१ आणि ३०. 'यशाचे प्रमाण नव्वद टक्के' असे कोणी सांगितले, तर ते कोणत्या यशाचे, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

काळ लोटला की शक्यता का घटते, हे समजून घेण्यासारखे आहे. नसबंदीनंतरही वृषणात शुक्राणू तयार होतच राहतात आणि शरीर ते शोषून घेते. मात्र बंद केलेल्या वाटेमागे दाब साठत जातो. वृषणाला चिकटून असलेल्या, शुक्राणू जिथे परिपक्व होतात त्या एपिडिडिमिसमधील अतिशय नाजूक नलिका त्या दाबाने एखाद्या ठिकाणी फुटते, तेथे व्रण धरतो आणि अडथळा एकाचे दोन होतात. अशा वेळी नसबंदीच्या जागचे दोन तुकडे कितीही सुबक जोडले तरी उपयोग होत नाही. म्हणूनच शस्त्रक्रिया चालू असताना वृषणाकडील टोकातून येणारा द्रव आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. त्यात शुक्राणू दिसले, किंवा द्रव पाण्यासारखा स्वच्छ असला, तर नसेला नस जोडणे पुरेसे असते. तो दाट, मलमासारखा आणि शुक्राणूविरहित असेल, तर नस थेट एपिडिडिमिसच्या नलिकेला जोडावी लागते. हे काम कितीतरी अवघड आहे आणि त्याचे यशही कमी आहे. कोणता जोड लागेल हे आधी खात्रीने सांगता येत नाही. त्यामुळे केसाहून बारीक धाग्याने दोन्ही प्रकारचे जोड करण्याचा सराव असलेल्या शल्यविशारदाकडेच जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता पत्नीविषयी. तिचे वय पस्तिशीच्या पुढे जाते तशी स्त्रीबीजांची संख्या आणि गुणवत्ता उतरू लागते, आणि चाळिशीनंतर ही उतरण झपाट्याची असते. नस उत्तम जुळली तरी हे बदलत नाही. तरीही पतीच्या सर्व तपासण्या झालेल्या आणि पत्नीची एकही झालेली नाही, अशी जोडपी माझ्यासमोर येतात. (तिला आधी मुले झालेली आहेत, हे त्यावरचे नेहमीचे उत्तर, पण ती मुले तिच्या तरुण वयातली असतात.) तिच्या बीजांडकोशांची क्षमता आणि गर्भनलिका तपासल्याखेरीज मी शस्त्रक्रियेची तारीख देत नाही.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे शरीरसंबंध टाळायचा असतो आणि पुढे ठरावीक अंतराने वीर्यतपासणी करायची असते. साध्या जोडानंतर शुक्राणू बहुधा ३ ते ६ महिन्यांत दिसू लागतात, एपिडिडिमिसच्या जोडानंतर वर्षभर किंवा त्याहूनही अधिक थांबावे लागू शकते. नसबंदीनंतर अनेक पुरुषांच्या रक्तात शुक्राणूविरोधी प्रतिपिंडे तयार झालेली असतात. त्यांची धास्ती पुष्कळांना वाटते, पण ती असूनही अनेकांना मुले होतात.

पत्नीचे वय अधिक असेल, किंवा तिच्या गर्भनलिका बंद असतील, तर ही प्रतीक्षा परवडत नाही. तेव्हा सुईने थेट वृषणातून किंवा एपिडिडिमिसमधून शुक्राणू काढून, एकेक शुक्राणू एकेका स्त्रीबीजात सोडण्याची इक्सी पद्धत अधिक योग्य ठरते. तिचा शारीरिक भार मात्र मुख्यतः पत्नीवर पडतो: इंजेक्शने, स्त्रीबीजे काढण्याची प्रक्रिया, आणि अपयश आल्यास पुन्हा तेच चक्र. पत्नी तरुण असेल आणि एकाहून अधिक मुले हवी असतील, तर माझा कौल नस जोडण्याकडे असतो, कारण वाट मोकळी झाल्यावर प्रत्येक गर्भधारणेसाठी वेगळे उपचार लागत नाहीत. हवी तेवढी मुले झाल्यावर गर्भनिरोधनाचा विचार अर्थातच नव्याने करावा लागतो.

जोडलेली नस काही पुरुषांमध्ये महिन्यांनी किंवा वर्षांनी व्रणामुळे पुन्हा बंद होते. म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळीच शुक्राणू गोठवून ठेवता येतील का, हे आधी विचारून घ्यावे. आणि ते जमले नाही, तर पहिल्या चांगल्या अहवालानंतर वीर्याचा एक नमुना अवश्य गोठवून घ्यावा.