तुम्ही विचारलंत म्हणून: किट जोडून इलेक्ट्रॉनिक्स येतं का?

"चाळिशी उलटली, शिक्षण कॉमर्सचं. किट आणून इलेक्ट्रॉनिक्स शिकता येईल का हो?" लिफ्टपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत कुठेही हा प्रश्न मला गाठतो. मी बँकेतली बाई आणि घरातल्या एका टेबलावर कायम सोल्डरिंगचा पसारा, म्हणून असेल.

तर, किट म्हणजे सुटे भाग आणि ते बसवायचा बोर्ड. ते जोडून सोल्डरिंग, म्हणजे डाग देणं, येतं. इलेक्ट्रॉनिक्स येतं ते किट चालू झाल्यावर त्याच्याशी कराल त्या उचापतींतून. बहुतेक जण एलईडी लुकलुकला की फोटो काढतात आणि दुसरं किट मागवतात. असं डझनभर किटं जोडलेल्या माणसाला एक सर्किट समजावून सांगता येत नाही, हे मी पाहिलंय. ही तक्रार जुनीच आहे. अमेरिकेत हीथकिट कंपनीने १९४७ साली ऑसिलोस्कोपचं (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचं) किट काढलं, पुढे रेडिओपासून टीव्हीपर्यंत सगळं किटमधून विकलं. त्यांच्या पुस्तिकेत प्रत्येक पायरीपुढे टिक करायला जागा असे. पुस्तिका इतकी चोख, की काहीही न समजता उत्तम यंत्र तयार व्हावं!

पहिलं किट ५५५ या आयसीचं (चिपचं) घ्या. १९७१ साली हान्स कामेनझिंड यांनी रचलेला हा टायमर अजून धडधाकट आहे, सुटा घेतला तरी चहाच्या पैशांत येतो. समजा तुमच्या किटात १ के आणि ६८ के (के म्हणजे हजार ओहम) हे दोन रेझिस्टर, म्हणजे करंटला अडवणारे भाग, आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, आहे. एलईडी सेकंदाला साधारण एकदा लुकलुकेल. आता कपॅसिटर काढून १०० मायक्रोफॅरडचा लावायचा. पण लावण्याआधी काय होईल ते कागदावर लिहायचं. दहा पट सावकाश, म्हणजे एका फेरीला दहाएक सेकंद. मग मल्टीमीटर (व्होल्ट, ओहम मोजायचा मीटर) डीसी व्होल्टवर ठेवून कपॅसिटरच्या दोन पायांना लावा आणि नुसतं बघत बसा. ९ व्होल्टची बॅटरी असेल तर आकडा ३ पासून ६ पर्यंत चढतो, तिथून उलटा फिरून ३ वर येतो, की पुन्हा चढायला लागतो. आयसीच्या पोटात तीन सारखे रेझिस्टर आहेत, ते बॅटरीच्या व्होल्टेजचे तीन वाटे करतात. एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश या त्याच्या दोन रेषा: वरच्या रेषेला पोचला की कपॅसिटर रिकामा व्हायला लागतो, खालच्या रेषेला आला की पुन्हा भरायला. बॅटरी उतरून ६ व्होल्टवर आली तर रेषाही २ आणि ४ वर सरकतात आणि लुकलुकण्याचा वेग जवळपास तोच राहतो. हे ज्या माणसाला स्वतःच्या मीटरवर दिसलं, त्याचं इलेक्ट्रॉनिक्स सुरू झालं असं मी समजते.

डोळ्यांचा प्रश्न निघतोच. निळ्या अंगाच्या पाच पट्ट्यांच्या रेझिस्टरवर तपकिरी, लाल आणि नारिंगी वेगळे ओळखणं चाळिशीच्या चष्म्याला जड जातं. रंग पाठ करत बसू नका, प्रत्येक रेझिस्टर मीटरवर मोजून मगच लावा. सोल्डरिंगला २५ वॉटची साधी आयर्न पुरते. आधी भागाचा पाय आणि बोर्डावरचा तांब्याचा पॅड दोन्ही तापवायचे, मग सोल्डरची तार लावायची. हे चुकलं की ड्राय सोल्डर, म्हणजे वरून ठीक दिसणारा पण नीट न चिकटलेला डाग, आणि नवशिक्याचं किट बंद पडण्यामागे बहुतेक वेळा तेच निघतं.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. ट्रान्सफॉर्मर नसलेली, थेट २३० व्होल्टवर चालणारी किटं पहिली काही वर्षं नकोत. एलईडी बल्बच्या स्वस्त ड्रायव्हरमध्ये कपॅसिटरने करंट मर्यादित केलेला असतो, पण सर्किट मेनपासून, म्हणजे घरच्या विजेच्या लाइनपासून, सुटं झालेलं नसतं. त्याला हात लावणं म्हणजे थेट फेजला हात लावणं.

ज्यांना खरी गोडी लागते त्यांना मी सात ट्रान्झिस्टरचा मीडियम वेव्ह रेडिओ जोडायला सांगते. आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झवर. ते लावलं की रेडिओतला ऑसिलेटर (स्वतः लहरी तयार करणारा भाग) ४५५ किलोहर्ट्झने वर, म्हणजे १२४७ वर चालतो, आणि या दोहोंतला ४५५ चा फरकच पुढे अ‍ॅम्प्लिफाय होतो. पुस्तकात हे वाचून पटत नाही. म्हणून दुसरा रेडिओ १२४७ च्या आसपास लावून शेजारी ठेवायचा आणि आपल्या रेडिओचं ट्यूनिंग हळूहळू फिरवायचं. एका जागी दुसऱ्या रेडिओची खरखर अचानक दबते. तुम्ही जोडलेलं यंत्र स्वतःच एक बारीकसं प्रक्षेपण करतंय! (फ्लॅटमध्ये हे करताना मोबाइलचा चार्जर आणि एलईडी दिवे बंद ठेवा, त्यांच्या गोंगाटात आकाशवाणीसुद्धा बुडते.)

किट घेताना सर्किट डायग्राम आहे का ते बघा. नसेल तर स्वस्त असलं तरी सोडून द्या. आधीच प्रोग्रॅम भरलेली चिप असलेली घड्याळं दिसतात सुंदर, पण सगळा खेळ त्या चिपमध्ये कोंडलेला, तुम्ही फक्त पाय जोडायचे. आर्डुइनो (स्वतः प्रोग्रॅम लिहायचा छोटा बोर्ड) घ्या की, पण थोडं पुढे. एलईडीला ४७० ओहम का लावला, हे बॅटरीच्या ९ व्होल्टमधून एलईडीचे २ वजा करून, उरलेल्याला ४७० ने भागून, म्हणजे करंट काढून सांगता आलं, की मग.

आणि दुसरं किट मागवण्याआधी पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या बाजूला, नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला एक चक्कर मारा. पहिल्याच किटचे पार्ट सुटे मागा. "वन के, क्वार्टर वॉट, दहा द्या." "वन झीरो फोर सिरॅमिक, पाच." दुकानदार मान वर न करता पुड्या बांधतो, वय-शिक्षण कोणी विचारत नाही. घरी येऊन तेच सर्किट फक्त डायग्राम बघून ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग खोचायच्या भोकांच्या पाटीवर) उभं करा. चालू झालं तर पुढचं किट जरूर मागवा. नाही झालं तर मीटर हातात घ्या आणि पहिल्या बोर्डाशी एकेक पिन ताडून बघा.