जुनं लॅन कार्ड सापडतं, पण चालत नाही

वागळे इस्टेट किंवा तुर्भ्याच्या एखाद्या गाळ्यातून जुना पीसी निघाला, तर त्यातलं लॅन कार्ड भंगारात टाकू नका. ओपनबीएसडी या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर ते आजही व्यवस्थित चालू शकतं. मात्र खोक्यावरच्या नावावर जाऊ नका, कार्डावरच्या मोठ्या चिपचा नंबर वाचा. एकाच नावाच्या कार्डांत वेगवेगळ्या चिप निघतात आणि ड्रायव्हर ठरतो तो चिपवरून.

त्यातल्या त्यात नव्या, पीसीआय स्लॉटच्या कार्डांत फारशी डोकेफोड नाही. रिअलटेक ८१३९ ला आरएल, इंटेल ८२५५९ ला एफएक्सपी, थ्रीकॉम ९०५ ला एक्सएल, असे ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच असतात. निवड हातात असेल तर डोळे झाकून इंटेल घ्या. ८१३९ आलेली सगळी पॅकेटं एकाच सलग बफरमध्ये टाकतं, आणि तिथून प्रत्येक पॅकेट प्रोसेसरला पुन्हा कॉपी करावं लागतं. जुन्या पेंटियमला ते जड जातं. फ्रीबीएसडी ही तिची भावंड सिस्टिम घालणार असाल तर आधी आवृत्ती बघा: एनई२००० जातीच्या जुन्या कार्डांचा ईडी आणि थ्रीकॉम ५०९ चा ईपी हे ड्रायव्हर १३.० मध्ये काढून टाकले आहेत.

कार्ड दिसतच नसेल तर पीसीची वायर काढून ते उपसा. खाडीकाठच्या दमट हवेत सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग घट्ट बसवा.

खरा घोळ पीसीआयच्या आधीच्या, आयएसए स्लॉटच्या कार्डांचा. एनई२००० जातीचं कार्ड बूट होताना दिसतं, मॅक पत्ताही (कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) बरोबर येतो, पण पिंग जात नाही आणि स्क्रीनवर ‘डिव्हाइस टाइमआउट’ येत राहतं. मॅक पत्ता पोर्टवरून, म्हणजे प्रोसेसर कार्डाशी बोलतो त्या पत्त्यावरून वाचला जातो, म्हणजे पोर्ट बरोबर आहे. चुकलाय तो आयआरक्यू, म्हणजे कार्ड प्रोसेसरला ज्या लाइनवरून हाक (इंटरप्ट) देतं तिचा नंबर. खात्रीसाठी ‘व्हीएमस्टॅट -झेडआय’ चालवा. कार्डासमोरचा आकडा शून्यावरून हलत नसेल तर इंटरप्ट पोचतच नाही.

अशी बरीच कार्डं पोर्ट ३०० (हेक्स आकडा), आयआरक्यू ३ वर लावलेली असतात, आणि ३ तर कॉम २ या सिरियल पोर्टचा. कार्डावर जंपर (पिना जोडणारी छोटी टोपी) असेल तर आयआरक्यू १० करा. जंपर नसेल तर डॉसच्या फ्लॉपीवरून सेटिंग बदला: रिअलटेक ८०१९ साठी ‘आरसेट८०१९’, थ्रीकॉम ५०९ साठी ‘३सी५एक्स९सीएफजी’. त्याच वेळी कार्डाचं प्लग अँड प्ले बंद करा आणि बायोसमध्ये १० नंबर लेगसी आयएसएसाठी राखून ठेवा. नाहीतर बायोस तो एखाद्या पीसीआय कार्डाला देऊन मोकळा होतो. ओपनबीएसडीत एनई२००० चा ड्रायव्हर एनई; त्यातला एनई१ पोर्ट ३००, आयआरक्यू १० वरच कार्ड शोधतो. वेगळा आकडा हवा असेल तर सुरुवातीच्या बूट प्रॉम्प्टवर ‘बूट -सी’ देऊन ‘चेंज एनई१’ करा. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो. कायमचा हवा असेल तर ‘ईटीसी’मधल्या ‘बीएसडी.आरई-कॉन्फिग’ फाइलमध्ये लिहा.

पिंग नीट जातो पण मोठी फाइल रखडते, तेव्हा दोन टोकांचं डुप्लेक्स जुळत नसतं: फुल म्हणजे डेटा एकाच वेळी दोन्ही दिशांनी, हाफ म्हणजे एका वेळी एकाच दिशेने. स्विचवर फुल डुप्लेक्स सक्तीने लावलं असेल, तर ऑटोवरचं कार्ड हाफ धरून बसतं. ‘नेटस्टॅट -आय’मध्ये कोलिजन (पॅकेटांच्या टकरी) वाढताना दिसतील. दोन्ही टोकं ऑटो ठेवा, किंवा दोन्ही हाताने सारखी लावा. आणि एनई२००० ची धाव १० एमबीपीएसपर्यंतच. २.५ गिगाबिटच्या बऱ्याच लॅन पोर्टना तो वेग येत नाही, लिंकचा दिवाच लागत नाही. मध्ये एखादा जुना १०/१०० स्विच टाका.